कंबर धरलेल्या माणसासाठी लिहिलेलं पत्रक

२१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११ डिसेंबर २०१४ रोजी त्याचा ठराव संमत झाला, १७७ देश त्याचे सहप्रायोजक होते, आणि २०१५ पासून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला. त्या सुमारास वाशीम जिल्ह्यात मृग लागून दोन आठवडे झालेले असतात. पाऊस वेळेवर आला असेल तर मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजाच्या शिवारात पेरणीची घाई असते. आला नसेल तर सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. कसंही असलं तरी सकाळी सहाला सतरंजी घेऊन मैदानावर यायला शेतकऱ्याच्या घरात कुणाला सवड नसते. आणि योगशिक्षकांची वर्षभरातली बहुतेक जाहिरात नेमकी याच आठवड्यात होते. योग दिवसाची तयार चित्रं, तयार घोषणा मोबाइलवर आलेल्या असतात. त्याखाली आपलं नाव आणि नंबर टाकला की काम झालं असं वाटतं.

तो तयार मजकूर बाजूला ठेवून त्या जागी काय लिहावं, हे इथं सांगायचं आहे. प्रश्न लहान दिसतो, पण गावात राहून योगवर्गावर संसार चालवू पाहणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी तो पोटापाण्याचा आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका, रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाचे योगशास्त्राचे अभ्यासक्रम, आयुष मंत्रालयानं २०१८ मध्ये सुरू केलेल्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा, अशा वाटांनी विदर्भातल्या लहान गावांतही प्रमाणपत्र असलेले योगशिक्षक तयार होत आहेत. आसनं, प्राणायाम, शरीररचना, पतंजलींची सूत्रं हे सगळं त्यांनी अभ्यासलेलं असतं. शेजारच्या काकूंना वर्गाला बोलवायचं कसं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

मग पत्रकावर छापलं जातं ते साधारण असं: ‘शरीर, मन आणि आत्म्याचा समतोल साधा! तणावमुक्त, रोगमुक्त जीवनाचा अनुभव घ्या! अनुभवी व प्रमाणित प्रशिक्षक. मर्यादित जागा. आजच नोंदणी करा!’ व्याकरण ठीक, छपाई ठीक. पण हेच पत्रक वाशीमला लावा, ठाण्यात लावा, एक अक्षर बदलावं लागणार नाही. त्यातला ‘तणाव’ बघा. सोयाबीनचा भाव उतरलाय, पीककर्ज थकलंय, पोरीचं लग्न तोंडावर आलंय, अशा माणसाला कुणी विचारलं तर तो ‘मी तणावात आहे’ असं म्हणत नाही. ‘रात्री डोळ्याला डोळा लागत नाही’ असं म्हणतो. पत्रकात तणाव वाचून ते आपल्यासाठी आहे असं त्याला वाटतच नाही. ‘मर्यादित जागा’ हे तर गावात चालणारच नाही. समाजमंदिराचा हॉल केवढा आहे आणि त्यात किती माणसं बसतात, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. पहिल्याच ओळीत खोटं बोलणाऱ्या माणसाच्या हाती आपली दुखरी कंबर कोण देईल?

आपुलकीचा मजकूर लिहायचा म्हणजे वाचणाऱ्याचं नाव घालायचं, असा एक समज आहे. मोबाइलवर एकाच वेळी शंभर जणांना ‘नमस्कार अमुकजी’ असं पाठवता येतं, आणि पाठवणाऱ्याला वाटतं की आता हा निरोप व्यक्तिगत झाला. घेणाऱ्याला मात्र एका क्षणात कळतं की नाव तेवढं आपलं आहे, बाकी सगळं सगळ्यांचं. माझ्या मते मजकुरात आपुलकी येते ती दोन माणसं स्पष्ट दिसली की. एक वाचणारी, जिचा दिवस लिहिणाऱ्याला माहीत आहे. दुसरी लिहिणारी, जी आपल्या नावानिशी, आपल्या मर्यादांसकट समोर उभी आहे. यातलं एक जरी माणूस गायब असलं तरी मजकूर कोरडा होतो.

विदर्भात याचा उत्तम वस्तुपाठ आहे, आणि तो जाहिरातशास्त्राच्या पुस्तकांबाहेरचा आहे. कोकणातून आलेले जनार्दनस्वामी (१८९२ ते १९७८) यांनी नागपुरात १९५१ मध्ये योगाभ्यासी मंडळ सुरू केलं. रामनगरातल्या त्या मंडळाचं काम आजही चालू आहे. स्वामींनी योगाचा प्रसार केला तो घरोघर जाऊन, एकेका माणसाला शिकवून, आणि विनामूल्य. त्यांचा एक छोटा संस्कृत श्लोक विदर्भातल्या योगवर्गांत अजून म्हटला जातो. त्याचा आशय असा, की समाधान, सुख आणि निरोगी आयुष्य मिळावं म्हणून शहाण्या माणसानं योगाचा अभ्यास करावा, आपल्या शक्तीप्रमाणे करावा आणि त्यात खंड पडू देऊ नये.

बोलावणं म्हणून या आशयाकडे बघा. त्यात समाधी नाही, कुंडलिनी नाही, मोक्ष नाही. जे गृहस्थाला हवं असतं तेच सुरुवातीला आहे: मन शांत असावं, बरं वाटावं, आजारपण नसावं. मग काय करायचं ते. आणि मग सगळ्यात मोलाची गोष्ट, झेपेल तेवढंच करा. वर्गाला न येणाऱ्या दहांपैकी बहुतेकांच्या मनात ‘मला जमणार नाही’ हीच भीती असते. स्वामींनी ती श्लोकातच काढून टाकली, आणि लगेच आपली अटही घातली की करायचं ते रोज. माणसाला दिलासा आणि जबाबदारी एकाच दमात देणारं असं बोलावणं लिहायला वर्षानुवर्षं लोकांच्या ओसरीवर बसावं लागतं.

याच परंपरेमुळे आजच्या योगशिक्षकापुढे एक अडचण उभी राहते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. योग फुकट शिकवला जातो, अशी विदर्भात पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. गुरुदेव सेवा मंडळाचं ध्यान आणि प्रार्थना फुकट, निवृत्त गुरुजींचा सकाळचा वर्ग फुकट, टीव्हीवरचा योग फुकट. मग ही मुलगी महिन्याचे पैसे कशाचे मागते? हा प्रश्न गावात पत्रक पोचण्याआधी पोचतो. बहुतेक शिक्षक लाजून फी पत्रकात लिहीतच नाहीत, ‘अधिक माहितीसाठी संपर्क करा’ असं लिहितात. मला हे चूक वाटतं. गरीब घरातल्या बाईला ‘संपर्क करा’ म्हणजे ‘तुम्हाला परवडणार नाही’ असंच ऐकू येतं. फी आकड्यात लिहावी आणि ती कशाची आहे हे दोन ओळींत सांगावं: हॉलचं भाडं द्यावं लागतं, वर्गात मोजकीच माणसं घेते, प्रत्येकीचं दुखणं वेगळं लिहून ठेवते, आणि हे माझं काम आहे. शेवटचं वाक्य लिहायला धीर लागतो. पण शिंपी, पिठाची गिरणी चालवणारा यांच्या कष्टाचे पैसे गाव देतंच. योगशिक्षकानं आपलं काम हे काम आहे असं म्हटलं तर गाव तेही समजून घेतं.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि शहरातल्या योगशिक्षकाला तो कधी पडत नाही. ‘दिवसभर वावरात वाकूनच तर असतो आम्ही, आणखी व्यायाम कशाचा?’ या प्रश्नाचं खरं उत्तर ज्या पत्रकात आहे ते पत्रक इथं वाचलं जाईल. उत्तर शरीराच्या रचनेतच आहे. निंदण, खुरपण, सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणं, या सगळ्यात शरीर एकाच दिशेला, पुढं, तासन्‌तास वाकलेलं असतं. असं फार वेळ राहिलं की मणक्यांना धरून ठेवणारे अस्थिबंध ताणून सैल होतात आणि काही वेळ तसेच राहतात. त्याच वेळी चाऱ्याचा भारा किंवा पाण्याचा हंडा उचलला की कंबरेला इजा होण्याचा धोका वाढतो. फवारणी करणाऱ्या माणसाच्या पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप असतो आणि एक हात दांडा मारत असतो, म्हणजे ओझं वागवतानाही शरीराचं काम एकांगी. कष्ट भरपूर झालेले असतात, पण शरीर मागं वळलेलं नसतं, बाजूला झुकलेलं नसतं, सैल पडलेलं नसतं. मकरासनात पालथं पडून राहणं, हळूच भुजंगासनात छाती उचलणं, भिंतीला टेकून खांदे मागं नेणं, शवासनात दहा मिनिटं सगळं सोडून देणं, ही दिवसभराच्या कामाची उलटी बाजू आहे. त्यामुळे शेतकरी बाईला ‘व्यायामाला या’ म्हणण्यापेक्षा ‘दिवसभर वाकलेली पाठ सरळ करायला या’ म्हणणं जास्त खरं आहे.

आता समजा, किन्हीराजातल्या एखाद्या सुनेनं योगाची परीक्षा दिली आहे आणि तिला बायांसाठी वर्ग सुरू करायचा आहे. तिचं पत्रक असं होऊ शकेल:

‘निंदण-खुरपणानं कंबर धरते, रात्री कूस बदलताना कळ येते, हंडा उचलताना भीती वाटते, अशा आपल्या गावातल्या बायांसाठी मी योगवर्ग सुरू करत आहे. साडीवर चालेल. खाली बसता येत नसेल तर खुर्चीवर सुरुवात करू. पहिला आठवडा फक्त श्वास आणि झोपून करायचे प्रकार. डोक्यावर उभं राहणं वगैरे मी शिकवत नाही. बीपीची गोळी चालू असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल, काचबिंदू असेल, दिवस गेलेले असतील, तर आधी मला एकटीला सांगा. गरज पडली तर डॉक्टरांना विचारूनच पुढं जाऊ. वर्गात फक्त बाया असतील. लेकरू सोबत आणलं तरी चालेल. पहिला आठवडा येऊन बघा, पटलं तर महिन्याचे पैसे द्या.’

खाली फी, वेळ, जागा, आणि सही. सहीत नाव आणि पदवी असतेच, पण गावात माणसाची ओळख नात्यानं पटते. अमक्यांची धाकटी सून, माहेर तमकं, दोन वर्षं योगाचं शिक्षण घेतलं, असं लिहिलं की वाचणाऱ्या बाईला लगेच कळतं की ही आपली ओळखीची पोर आहे, हिच्यासमोर आपल्याला संकोच वाटणार नाही. शहरात हीच सही विचित्र दिसेल. तिथं शिक्षण कुठं झालं आणि कुणाच्या हाताखाली झालं, हे आधी लागतं.

या पत्रकात ‘साडीवर चालेल’ या दोन शब्दांचं वजन सगळ्यात जास्त आहे. योगाच्या सगळ्या चित्रांत अंगाला चिकटलेले कपडे घातलेली, सडपातळ, तरुण मुलगी असते. ती चित्रं पाहून पन्नाशीच्या बाईनं मनातल्या मनात आधीच नकार दिलेला असतो. तिनं तो बोलून दाखवलेला नसतो, म्हणून शिक्षिकेला तो ऐकू येत नाही. आपुलकीचा मजकूर लिहिणं म्हणजे असे न बोललेले नकार आधी ऐकणं. त्यासाठी लिहायला बसण्यापूर्वी चार-पाच घरी जावं, वर्गाचा विषय न काढता नुसतं दुखण्याबद्दल विचारावं, आणि घरी येऊन त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवावेत. ‘कंबर धरते’, ‘पाय ओढते’, ‘मान आखडते’, ‘उठता-बसता चमक निघते’ हे शब्द कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतात आणि वाचणाऱ्याला थेट भिडतात. मात्र सगळं पत्रक वऱ्हाडीत लिहू नये, असं मला वाटतं. रंगमंचावर आणि कथाकथनात वऱ्हाडी इतकी वर्षं हसवण्यासाठी वापरली गेली आहे की छापलेली वऱ्हाडी दिसली की लोक आधी हसायला लागतात. वाक्य नेहमीच्या मराठीत ठेवावं, दुखण्याचे आणि कामाचे शब्द गावचे ठेवावेत.

वेळेची ओळही अशीच विचारून लिहायची. ‘सकाळी ६ ते ७’ हे वाचलं की योगवर्ग कुणासाठी आहे ते कळतं, आणि तो कुणासाठी नाही तेही. सहा वाजता गावातली बाई पाणी भरते, डबे करते, गोठा झाडते. उन्हाळ्यात दुपारी, पावसाळ्यात दिवेलागणीच्या आधी, सोंगणीच्या दिवसांत मुळीच नाही, असं काहीतरी निघेल. तीन बायांना सोयीची एक वेळ सापडली, तर सगळ्या पत्रकात तीच ओळ सर्वांत आपुलकीची असते, कारण तिच्यासाठी शिक्षिकेनं स्वतःचा दिवस वाकवलेला असतो.

आता दाव्यांविषयी. इथं मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण योगाच्या जाहिरातीत सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. ‘शुगर मुळापासून बरी’, ‘गुडघेदुखी कायमची गायब’, ‘थायरॉइडच्या गोळ्या बंद’. असं वाचून एखाद्यानं खरंच गोळ्या बंद केल्या तर त्याची जबाबदारी कुणाची? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सेवांच्या जाहिरातींनाही लागू आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. वर्गाबरोबर एखादं चूर्ण किंवा काढाही विकायला ठेवला आणि त्यानं मधुमेह बरा होतो असं छापलं, तर १९५४ चा औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आडवा येतो. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा यांसारख्या विकारांवरच्या औषधांची अशी जाहिरात त्या कायद्यानं करता येत नाही.

पण कायद्याच्या भीतीपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती लोणावळ्याची शिकवण. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तिथं कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. योगानं शरीरात काय होतं हे मोजून पाहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. क्ष-किरणांच्या साहाय्यानं आणि दाब मोजण्याच्या उपकरणांनी त्यांनी नौली या पोटाचे स्नायू फिरवण्याच्या क्रियेचा अभ्यास केला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांना आढळलं, आणि आपल्या गुरूंच्या, परमहंस माधवदासांच्या नावावरून त्या निर्वाताला त्यांनी नाव दिलं. शंभर वर्षांपूर्वी, योगाविषयी कुणी काहीही सांगावं आणि लोकांनी मान डोलवावी अशा काळात, हा माणूस मोजमाप करून मग लिहीत होता. त्यांच्या परंपरेतल्या शिक्षकानं पत्रकात ‘कायमची गायब’ लिहिणं शोभत नाही.

मग कंबरदुखीबद्दल खरं काय लिहिता येईल? जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासून निष्कर्ष काढणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं जुनाट कंबरदुखी आणि योग यांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला आणि २०२२ मध्ये तो अद्ययावत केला. त्याचं सार असं, की व्यायाम न करण्याच्या तुलनेत योगानं कंबरेच्या हालचालीत आणि दुखण्यात थोडी सुधारणा होते. इतर व्यायामांच्या तुलनेत मात्र फारसा फरक दिसत नाही. काहींची कंबरदुखी वाढल्याचंही त्यात नोंदलं आहे. हे वाचून योगशिक्षकानं खट्टू होऊ नये. ‘काही महिने नेमानं केलं तर उठबस थोडी सोपी होऊ शकते, रोजच्या कामात फरक पडू शकतो, पण जादू होणार नाही, आणि दुखणं वाढलं तर लगेच सांगा’ असं लिहिलेलं पत्रक गावात चालतं, कारण ज्याच्या घरात म्हातारी आई आहे त्याला कुठलंच दुखणं जादूनं जात नाही हे माहीत असतं. खऱ्या माणसानं खरं सांगितलं, एवढी एक गोष्ट त्याच्या लक्षात राहते.

लिहिणाऱ्यानं स्वतःबद्दल किती सांगावं? अमेरिकेत १९२० च्या दशकात जॉन केपल्स नावाच्या तरुण लेखकानं घरबसल्या संगीत शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी जाहिरात लिहिली. एक माणूस मेजवानीत पियानोजवळ जाऊन बसतो, सगळे त्याला हसतात, आणि तो वाजवायला लागल्यावर अवाक्‌ होतात, अशी ती ‘मी’च्या तोंडून सांगितलेली गोष्ट. जाहिरात लिहायला शिकणारे लोक ती अजून अभ्यासतात. पण तो ‘मी’ लेखकानं कल्पनेनं उभा केलेला होता. मोठ्या देशात, अनोळखी वाचकांत ते खपून गेलं. आपल्या गावात तुमची गोष्ट तुमच्या आधी लोकांना माहीत असते, म्हणून ती खरीच असावी लागते.

खऱ्या गोष्टीचं बळ काय असतं, ते बी. के. एस. अय्यंगारांकडे पाहिलं की कळतं. लहानपणी आपण किती आजारी होतो, मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी शरीर कसं पोखरलं होतं, हे ते आयुष्यभर उघडपणे सांगत राहिले. १९३७ मध्ये ते पुण्यात शिकवायला आले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले. आपल्या दुबळ्या शरीरानं काय शिकवलं, हे सांगणाऱ्या शिक्षकापुढे दुबळा माणूस धीरानं उभा राहतो. त्यांच्या १९६६ च्या ‘लाइट ऑन योग’ या पुस्तकात आणखी एक गुण आहे, तो म्हणजे तपशील. त्रिकोणासनासाठी पाय किती अंतरावर ठेवायचे तर तीन ते साडेतीन फूट, असं तिथं स्पष्ट लिहिलं आहे. मोघम शब्दांपेक्षा असा एक आकडा वाचणाऱ्याला जास्त जवळचा वाटतो, कारण कुणीतरी खरोखर उभं राहून ते करून पाहिलं आहे हे त्यातून जाणवतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या सूर्यनमस्काराच्या प्रचारामागंही हेच होतं. ते स्वतः रोज नमस्कार घालत, घरच्यांना घालायला लावत, आणि मग लिहीत. १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या साहाय्यानं त्यांचं पुस्तक लंडनला प्रसिद्ध झालं, आणि एका लहान संस्थानातली ही दिनचर्या इंग्लंडच्या वाचकांपर्यंत गेली.

दुसऱ्याची गोष्ट सांगताना मात्र फार जपावं. ‘अमक्या काकूंची शुगर कमी झाली’ असं त्यांच्या नावानिशी स्टेटसवर टाकणं म्हणजे त्यांचा आजार गावभर करणं. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असलेल्या घरात आजाराचा साधा उल्लेखसुद्धा महागात पडू शकतो. परवानगी घ्यावी, ती घेताना कुठं आणि काय टाकणार हे दाखवावं, आणि नाही म्हटलं तर पुन्हा विचारू नये. फोटोंचंही तसंच. आसनात असलेल्या बायांचे फोटो गावच्या ग्रुपवर गेले की दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा होईल, आणि त्या बायांची त्यात काहीच चूक नसेल. शिक्षिकेचा स्वतःचा एक साधा फोटो, झाडलेला हॉल, पसरलेल्या सतरंज्या, एवढं पुरतं. ‘वर्गात फोटो काढले जात नाहीत’ हे वाक्य पत्रकात घातलं, तर मला वाटतं त्याचा उपयोग कुठल्याही सवलतीपेक्षा जास्त होईल.

एकच पत्रक सगळ्यांना वाटण्याचा मोह होतो, कारण छपाईचा खर्च वाचतो. पण याच गावात पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावत असतात. त्यांना १६०० मीटर धावायचंय, गोळा फेकायचाय. त्यांना कंबरदुखीचं काय? त्यांच्यासाठी मांड्या आणि पोटऱ्या ताणण्याचे प्रकार, धावल्यानंतर श्वास लवकर जागेवर कसा आणायचा, लेखी परीक्षेआधी झोप कशी लागेल, एवढ्या तीन ओळींचं वेगळं पत्रक हवं, आणि ते रस्त्याकडेला, त्यांच्या धावण्याच्या जागी लागायला हवं. ट्रॅक्टर आणि ट्रक चालवणाऱ्यांसाठी आणखी वेगळं. वाशीम जिल्ह्यात बंजारा समाज मोठा आहे, मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी तर देशभरच्या बंजाऱ्यांचं श्रद्धास्थान. तांड्यावरच्या बायांना त्यांच्याच बोलीत, तांड्यावरच्याच कुणा ताईच्या तोंडून निमंत्रण गेलं, तर कागदाची गरजही पडणार नाही. मुस्लिम मोहल्ल्यातल्या बहिणींच्या मनात ओंकार आणि सूर्यनमस्काराविषयी प्रश्न असू शकतो. त्याला वळसा घालू नये. ‘ओम म्हणणं सक्तीचं नाही, श्वास आणि आसनं सगळ्यांची’ असं शिक्षिकेच्या मनात खरोखर असेल, तर ते लिहावं. मनात नसेल तर लिहू नये.

पत्रक कुठं जातं यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. बचत गटाची बैठक, दवाखान्यातल्या आशाताई, आठवडी बाजारातलं चक्कीचं दुकान, शाळेतली पालकसभा, मोबाइलवरचे गट, हे सगळ्यांना माहीत आहे. वेळेबद्दल मात्र आग्रहानं सांगावंसं वाटतं. गावाचं वर्ष शेतीवर चालतं. सोयाबीन घरात आलं, दसरा-दिवाळी झाली की हातात थोडा पैसा आणि अंगात साठलेलं दुखणं, दोन्ही एकदम असतं. नवा वर्ग सुरू करण्याचं पत्रक तेव्हा निघावं. जूनमध्ये काही पाठवायचंच असेल, तर जाहिरात नको. पेरणीच्या दिवसांत रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या करता येतील असे दोन-तीन प्रकार, चार ओळींत, फुकट पाठवावेत, खाली फक्त स्वतःचं नाव.

आणि वर्ग सुरू झाल्यावर मधेच येणं थांबवलेल्या बाईला काय लिहायचं, याचाही विचार आधीच करून ठेवावा, कारण शिक्षिका नेमकी तिथं गप्प बसते किंवा ‘आपली फी बाकी आहे’ असा निरोप पाठवते. ती बाई बहुतेक वेळा शरमेनं येत नसते. घरात कुणी आजारी असतं, पैसे नसतात, सासू काही बोललेली असते, किंवा दोन दिवस चुकले म्हणून तिसऱ्या दिवशी तोंड दाखवायला लाज वाटते. तिला एवढंच पाठवावं: ‘काकू, गेल्या आठवड्यात तुम्ही दिसल्या नाहीत. तुमच्या उजव्या गुडघ्यासाठी खुर्चीवरचा प्रकार काढून ठेवलाय. सवड झाली की या, राहिलेले दिवस पुढच्या महिन्यात धरू.’